विश्लेषण : ‘हे माझं वैयक्तिक मत आहे’ म्हटलं की विषय संपतो का? तत्त्वज्ञानाचा पहिला धडा, कोराडीच्या उदाहरणासह

सोशल मीडियावरचा कुठलाही वाद तापला की शेवटी एक वाक्य हमखास येतं : ‘हे माझं वैयक्तिक मत आहे.’ बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘आता पुढे काही विचारू नका’ असा असतो. तत्त्वज्ञानाच्या सुरुवातीच्या वर्गात मात्र चर्चा याच वाक्यापासून सुरू होते. मत तुमचं आहे हे मान्य. पण ते तुम्हाला का पटतं?

महाराष्ट्रात कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अकरावी-बारावीला ‘तत्त्वज्ञान’ आणि ‘तर्कशास्त्र’ हे विषय घेता येतात. हे विषय न घेतलेल्यांनाही या प्रश्नाचं उत्तर रोज द्यावं लागतं. घरात लग्नाचा विषय निघाला की, गावात प्रकल्प येणार असला की, किंवा फॅमिली ग्रुपवर एखादा मेसेज फिरू लागला की. मग आपलं मत तर्काने मांडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हे समजून घ्यायला नागपूरजवळचं कोराडी हे चांगलं उदाहरण आहे.

कोराडीच का?

नागपूरच्या उत्तरेला, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोराडी लागतं. हे गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक, महालक्ष्मी जगदंबेचं मंदिर. नवरात्रात इथे विदर्भातून आणि शेजारच्या मध्य प्रदेशातून भाविक येतात. दुसरी, औष्णिक वीज केंद्र. १९७० च्या दशकात इथे वीजनिर्मिती सुरू झाली. आज ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच इथे आहेत.

एका बाजूला श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला कोळसा, वीज, राख, रोजगार. दोन्हींबद्दल लोकांची मतं ठाम आहेत. पण ही मतं एकाच जातीची नाहीत. म्हणून ती तपासायची रीतही एकच असू शकत नाही.

तर्काने मांडणं म्हणजे काय?

भारतीय परंपरेत याचं तयार उत्तर आहे. न्यायदर्शनात युक्तिवादाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. शब्द जड वाटतात, पण शेकडो वर्षं शिकवलं जाणारं उदाहरण अगदी सोपं आहे.

• प्रतिज्ञा, म्हणजे आपलं म्हणणं : त्या डोंगरावर आग लागली आहे.
• हेतू, म्हणजे कारण : कारण तिथे धूर दिसतो.
• उदाहरण, म्हणजे सर्वसाधारण नियम आणि त्याचा ओळखीचा दाखला : जिथे धूर, तिथे आग. जसं स्वयंपाकघरातल्या चुलीत.
• उपनय, म्हणजे नियम इथे लावणं : या डोंगरावरही तसाच धूर आहे.
• निगमन, म्हणजे निष्कर्ष : म्हणून तिथे आग आहे.

आपल्या रोजच्या वादांमध्ये बहुतेक वेळा पहिली आणि शेवटची पायरीच असते. ‘असं आहे, म्हणजे आहे.’ मधल्या तीन पायऱ्या गायब. तत्त्वज्ञानाच्या वर्गात विद्यार्थ्याला त्या मधल्या पायऱ्या भरायला सांगतात.

पण दिसतो तो खरंच धूर असतो का?

आता हेच उदाहरण वीज केंद्रावर लावून पाहा. औष्णिक केंद्राच्या आवारातले बुडाशी रुंद आणि मध्ये निमुळते असे मनोरे अनेकांनी लांबून पाहिले असतील. त्यांतून पांढरेशुभ्र लोट निघतात आणि पाहणारा पटकन म्हणतो, ‘केवढा धूर सोडतायत!’

प्रत्यक्षात हे कूलिंग टॉवर असतात. त्यांतून निघते ती पाण्याची वाफ. कोळसा जळल्यावरचे वायू वेगळ्या, उंच आणि सडपातळ चिमणीतून बाहेर पडतात. म्हणजे इथे हेतूच चुकला. धूर समजून वाफेकडे बोट दाखवलं. न्यायशास्त्रात अशा फसव्या कारणाला ‘हेत्वाभास’ म्हणतात, म्हणजे कारणासारखं दिसणारं पण कारण नसलेलं.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ‘चिमणीतून धूर दिसत नाही, म्हणजे प्रदूषण नाही’ हाही युक्तिवाद कोसळतो. कोळशातल्या गंधकापासून तयार होणारा सल्फर डायऑक्साइड हा वायू रंगहीन असतो. तो दिसत नाही, मोजावा लागतो. जुन्या आचार्यांनी यासाठी लोखंडाच्या तापलेल्या गोळ्याचं उदाहरण दिलं आहे. गोळ्यात आग असते, धूर नसतो. ‘जिथे धूर तिथे आग’ हे खरं असलं, तरी ‘जिथे धूर नाही तिथे आग नाही’ असं आपोआप ठरत नाही.

गंमत अशी की इथे प्रकल्पाचा विरोधक आणि समर्थक दोघेही चुकू शकतात, आणि दोघांच्या चुका एकाच पद्धतीने दाखवता येतात. तर्क कुणा एका बाजूचा नसतो.

सगळ्या मतांना पुरावा लागतो का?

नाही. आधी मत कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखायला हवं. ढोबळमानाने चार प्रकार करता येतात.

• आवड : ‘सावजी रस्सा झणझणीतच हवा.’ इथे पुराव्याची गरज नाही.
• वस्तुस्थितीचा दावा : ‘राखेमुळे विहिरीचं पाणी खराब झालं.’ हे पाणी तपासून ठरतं.
• मूल्य : ‘शहराला वीज आणि गावाला राख, हा अन्याय आहे.’ हे कुठल्याही यंत्राने मोजता येत नाही. पण कारणं देता येतात आणि ती तपासताही येतात.
• श्रद्धा : ‘देवी माझ्या पाठीशी आहे.’

कोराडीच्या देवीबद्दल भाविकांची श्रद्धा अशी, की तिचं रूप दिवसातून तीनदा बदलतं. सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी प्रौढ स्त्री. एखादा विद्यार्थी हे मत वर्गात कसं मांडेल? ‘मूर्तीचा दगड खरोखर बदलतो’ असं तो म्हणाला, तर तो वस्तुस्थितीचा दावा झाला आणि त्याची तपासणी होऊ शकते. ‘दिवसाच्या प्रत्येक प्रहरी मला ती वेगळी भासते, आणि त्यात मला माणसाच्या आयुष्याचे टप्पे दिसतात’ असं म्हणाला, तर तो अर्थाचा आणि अनुभवाचा भाग झाला. शब्द जवळजवळ तेच, पण जबाबदारी वेगळी. आपण यातलं नेमकं काय म्हणतोय हे आधी स्वतःला विचारणं, हीच तर्काची सुरुवात.

पुराव्याशिवाय विश्वास ठेवणं चूक आहे का?

यावरचा गाजलेला वाद १९ व्या शतकातला आहे. इंग्लंडचे गणितज्ञ आणि विचारवंत विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं. त्याचं जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मनात शंका होती. पण ‘इतक्या सफरी पार पडल्या, ही पण पडेल, देव आहे’ अशी त्याने स्वतःची समजूत घातली. जहाज बुडालं, प्रवासी गेले आणि त्याने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्ड यांच्या मते जहाज बुडालं नसतं, तरी तो दोषीच होता. कारण तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. त्याने शंका तपासली नाही, दाबून टाकली.

अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये याला उत्तर दिलं. काही निर्णय टाळता येत नाहीत, त्यांचं मोल मोठं असतं आणि पुराव्याने ते सुटतही नाहीत. अशा वेळी विश्वास ठेवण्याचा माणसाला हक्क आहे. समोरचा मित्र होईल की नाही याचा पुरावा आधी मागत बसलं, तर मैत्री होणारच नाही. तिथे विश्वास आधी लागतो.

दोघांना एकत्र ठेवलं की एक उपयोगी कसोटी हाती येते : माझ्या विश्वासाची किंमत कोण मोजणार आहे? मी स्वतः मोजणार असेन, तर जेम्स यांची सवलत मिळू शकते. जहाजात दुसरे बसलेले असतील, तर क्लिफर्ड यांचं ऐकावंच लागतं.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही काहीशी अशीच रेषा आखतो. तो कुणाला देव मानू नका असं सांगत नाही. श्रद्धेच्या नावाखाली दुसऱ्याला इजा करणाऱ्या, फसवणाऱ्या ठरावीक कृत्यांना तो गुन्हा ठरवतो.

नागपूरने हे आधी पाहिलंय का?

श्रद्धा आणि तर्क एकत्र नांदू शकत नाहीत असं वाटत असेल, तर कोराडीहून दक्षिणेला नागपूर शहरात यावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधली २१ वर्षं अभ्यासाची आणि चर्चेची होती.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, त्यांनी नागपुरातच मोठं भाषण केलं. नागपूरच का निवडलं, इथपासून त्यांनी सुरुवात केली. त्याबद्दल जे तर्कवितर्क चालले होते, त्यांचा उल्लेख करून ते खोडले. टीकाकारांचे आक्षेप एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. धर्म ही माणसाची सर्वांत खासगी बाब मानली जाते. तरीही लाखो लोक आपल्यामागे येत असताना कारणं सांगणं त्यांनी आपलं काम मानलं.

याच शहरातून एप्रिल १९९० मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी विवेकवादाला वाहिलेलं मासिक सुरू केलं. ते ‘आजचा सुधारक’ या नावाने ओळखलं जातं. तत्त्वज्ञानाची चर्चा वर्गाबाहेर, सोप्या मराठीत होऊ शकते हे त्याने दाखवून दिलं.

वर्गातला धडा गावात कधी लागतो?

पुन्हा कोराडीकडे येऊ. मे २०२३ मध्ये इथे ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अशा सुनावणीची किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते. प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो, लोकांचे आक्षेप नोंदवले जातात आणि प्रकल्प आणणाऱ्याला त्यांची उत्तरं द्यावी लागतात.

म्हणजे ‘माझं मत’ इथे सरकारी नोंदीत जातं. ते कसं मांडलं, यावर बरंच अवलंबून असतं.

‘राखेने आमचं वाटोळं केलं’ हा संताप खरा असू शकतो, पण कागदावर तो एका ओळीत संपतो. ‘जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी परिसरात पसरलं, आता नव्या संचांची राख कुठे जाणार आणि बांधाची तपासणी कोण करणार?’ या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

समर्थकांनाही हेच लागू होतं. ‘प्रकल्प आला की रोजगार येतो’ हे वाक्य अर्धवट आहे. किती? कायम की कंत्राटी? स्थानिकांना किती? हे आकडे घेऊन बोलणाऱ्याचं समर्थन जास्त टिकतं.

आणि आकड्यांवर एकमत झालं तरी न्याय-अन्यायाचा प्रश्न उरतोच. तिथे एक जुनी, साधी तपासणी उपयोगी पडते : जागांची अदलाबदल करा. राख तलाव आपल्या घरामागे असता, तरी हेच म्हटलं असतं का? किंवा घरातली कमाई या केंद्रावर चालत असती, तरी?

वाद, जल्प आणि वितंडा : तुम्ही नेमकं काय करताय?

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो ‘वाद’. काहीही करून जिंकण्यासाठी चालतो तो ‘जल्प’. स्वतःची बाजूच न मांडता फक्त समोरच्याचं खोडायचं, ती ‘वितंडा’. मराठीतला ‘वितंडवाद’ हा शब्द इथूनच आला. कमेंट सेक्शन उघडून पाहिलं, तर तिसऱ्या प्रकाराला तोटा नाही.

यावर जुन्या पंडितांकडे एक उपाय होता, ‘पूर्वपक्ष’. आधी समोरच्याचं म्हणणं इतकं नीट मांडायचं, की त्यालाही ते आपलंच वाटावं. मगच उत्तर द्यायचं.

थोडक्यात, मत मांडण्याआधी काय तपासाल?

१. माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं का?
२. ते आवड आहे, वस्तुस्थिती आहे, मूल्य आहे की श्रद्धा?
३. माझं कारण खरंच कारण आहे, की वाफेला धूर समजतोय?
४. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत सांगता येईल का?
५. काय दिसलं तर मी मत बदलेन?
६. माझं मत चुकलं, तर त्याची किंमत कोण मोजेल?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं आलं, तर ती बहुधा श्रद्धा आहे. त्यात कमीपणा काहीच नाही. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलेलं आहे. त्याच घटनेच्या ५१-क अनुच्छेदाने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत.

मात्र सहाव्या प्रश्नाचं उत्तर ‘दुसरे लोक’ असं असेल, तर ‘वैयक्तिक मत’ एवढं सांगून थांबता येत नाही. त्या लोकांना कारण विचारण्याचा हक्क आहे.