भूकंपानंतरचा शेजार

ता. २९ सप्टेंबर १९९३ हा अनंतचतुर्दशीचा दिवस होता. लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, तेरणा नदीच्या परिसरांतील गांवांतून गणपतीचें विसर्जन रात्रीं उशिरापर्यंत चाललें होतें. लोक दमून घरीं परतले, निजले. आणि पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं भूमि हादरली. धक्का कांहीं सेकंदांचाच होता. परंतु तेवढ्या अवधींत किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, गुबाळ, पेठसांगवी अशा कितीएक गांवांचे ढिगारे झाले. सरकारी मोजणीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें मृत्यु पावलीं. इतर कांहीं अंदाज दहा हजारांच्या जवळ जातात.

भूकंपशास्त्राच्या मापानें पाहतां हा धक्का प्रचंड नव्हता. त्याची मात्रा ६.२ ते ६.४ इतकीच होती. हा प्रदेश तर तत्कालीन नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत रंगविलेला होता. १९९२ च्या उत्तरार्धांत किल्लारीच्या आसपास लहान लहान धक्के बसले होते खरे. पण त्यांवरून पुढील अरिष्टाचा तर्क कोणासही बांधतां आला नाहीं. माणसें मारलीं तीं घरांनीं. मराठवाड्यांतील सुखवस्तु शेतकऱ्याचें माळवदी घर म्हणजे दगडमातीच्या हात दीड हात, क्वचित् दोन हात रुंदीच्या भिंती, आंत लाकडी खांब व तुळया, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्यापूर्वीं दरवर्षीं त्या थरावर नवी माती पडे, जुनी काढण्याची चाल नसे. उन्हाळ्यांत असें घर थंड राही व चोराचिलटांचें भय नसे, म्हणून ज्याची ऐपत मोठी त्याची भिंत रुंद. भिंत बाहेरून एकसंध दिसली तरी वस्तुतः ती शेजारीं शेजारीं उभ्या केलेल्या दोन भिंतींची असे. मधल्या पोकळींत चिपा आणि चिखल. दोहोंना सांधणारा आरपार दगड कोणी घालीत नसे. जमीन हालतांच दोन्ही अंगें फांकलीं. याच्या उलट, कुडाच्या व पत्र्याच्या हलक्या घरांतून राहणारीं गरिबांचीं माणसें पुष्कळ ठिकाणीं वांचलीं. गांवकुसाच्या आंतील श्रीमंती अशी एका पहांटे उलटून पडली.

बाहेरचें साहाय्य येण्यापूर्वींचे पहिले कांहीं तास कोणत्याही आपत्तींत शेजाऱ्याचेच असतात. सरकार येतें, सैन्य येतें, वैद्य येतात. परंतु ढिगाऱ्याखालून हांक आली तर ती कोणत्या घराची, त्या घरांत किती माणसें निजत, आणि माजघर कोणत्या बाजूस, हें शेजाऱ्यालाच ठाऊक असतें. त्या पहांटे अंधारांत, वीज नसतां, ज्यांचे स्वतःचे कोणी दबलेले होते अशीं माणसें हातांनीं माती उपसूं लागलीं. जे निघाले त्यांना मिळेल त्या वाहनांतून उमरगा, लातूर, सोलापूर येथील रुग्णालयांकडे नेण्यांत आलें. जे निघाले नाहींत त्यांच्या दहनासाठीं पडलेल्या घरांच्याच तुळया उपयोगी पडल्या.

महाराष्ट्रांत ज्या घरीं मृत्यु होतो त्या घरीं चूल पेटत नाहीं. शेजारच्या घरून भाकरी आणि पिठलें येतें. ही रीति इतकी जुनी आणि इतकी अबोल आहे कीं तिला कोणी मदत असें म्हणतही नाहीं. पण जेथें गल्लींतील प्रत्येक घरीं सुतक आहे, तेथें भाकरी कोणी कोणाकडे न्यावयाची? अशा वेळीं शेजार या शब्दाची कक्षा वाढवावी लागते. गल्लीचा शेजार संपला तेव्हां शिवेपलीकडचें गांव शेजारी झालें, मग तालुका, मग सारा महाराष्ट्र. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनीं भूकंपग्रस्त भागांतील सुमारें बाराशे मुलांना शिक्षणासाठीं पुण्यास नेलें.

शेजाऱ्याच्या साहाय्याचा दुसराही एक प्रकार मराठी खेड्यांत रूढ आहे, आणि पुढील हकीकत समजण्यास त्याची आठवण हवी. त्यास सावड म्हणतात. एका शेतकऱ्याचें काम अंगावर आलें कीं इतर शेतकरी आपले बैल व आपले हात घेऊन त्याच्या शेतावर जातात. दाम घेत नाहींत. मात्र त्यांच्या कामाच्या दिवशीं त्यानें जावयाचें असतें. सावडींत घेणारा लहान होत नाहीं, कारण त्याची पाळी यावयाचीच असते. दान आणि सावड यांत अंतर आहे तें एवढेंच. परंतु तें फार मोठें अंतर आहे.

किल्लारीच्या परिसरांत पहिलें वर्ष दानाचें गेलें, व तें तसें जाणें अपरिहार्यच होतें. त्यानंतर महाराष्ट्र सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें पुनर्वसनाची मोठी योजना हातीं घेतली. जीं गांवें सर्वस्वीं उद्ध्वस्त झालीं अशीं बावन्न गांवें दुसऱ्या जागीं हलविण्यांत आलीं व त्यांत सत्तावीस-अठ्ठावीस हजार नवीं घरें उभीं राहिलीं. जेथें आपलीं माणसें गेलीं तेथें पुन्हां राहणें नको, अशी गांवकऱ्यांचीही भावना होती; तेव्हां स्थलांतराचा दोष एकट्या सरकारच्या माथीं मारणें न्यायाचें नाहीं. दोष झाला तो आंखणींत. घराचें क्षेत्र कुटुंबाच्या जमिनीवरून ठरलें: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या धारकास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४००, आणि त्यावरील जमीनदारास ७५०. पुष्कळ ठिकाणीं रस्ते रुंद आणि सरळ आंखले गेले, एका मापाचीं घरें एका रांगेंत आलीं. शहरांतील वसाहतीस तें शोभलें असतें. खेड्यांत मात्र भावकी तुटली, समोरासमोरच्या ओट्यांवरून होणारें बोलणें तुटलें, आणि पिढ्यान् पिढ्यांची शेजारीण आतां दूरच्या रांगेंत गेली. जुन्या गांवांतला शेजार निर्मळ होता असें मुळींच नव्हे. जातीप्रमाणें वाडे होते, आणि कित्येकांची वस्ती गांवकुसाबाहेरच होती. परंतु तो मोडून जें आलें तें समतेचें नव्हतें. तें सातबाऱ्याच्या उताऱ्याचें होतें. भूकंपानें भिंती पाडल्या. शेजार पाडला तो नकाशानें. पुढें लोकांनीं त्या काँक्रीटच्या खोल्यांना जोडून आपल्या सोयीचे आडोसे आणि चुली उभारल्या, तेव्हां कोठें तीं घरें राहण्याजोगीं झालीं.

योजनेचा जो भाग वृत्तपत्रांतून फारसा गाजला नाहीं तोच पुढें अधिक फलद्रूप झाला. जीं घरें पडलीं नव्हतीं, केवळ तडकलीं होतीं, अशीं सुमारें दोन लाख घरें होतीं. तीं लोकांनीं स्वतः दुरुस्त करावींत, पैसा सरकारनें हप्त्याहप्त्यानें द्यावा, असें ठरलें. काम वरकरणीं सोपें होतें. भिंतींत आरपार दगड बसविणें, खांब व तुळई यांच्या सांध्यास तिरपे आधार देणें, माळवदावरची माती उतरविणें, दारांच्या डोक्यावरून सिमेंट-काँक्रीटचा पट्टा फिरविणें, एवढेंच तें होतें. अवघड होतें तें हें सारें लोकांना पटविणें. ज्या दगडानें आई मारली त्या दगडावर विश्वास कोण ठेवणार? अनेकांस दगडाच्या घरांत निजण्याचेंच भय वाटे.

येथें स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढें आली. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालीं चालणाऱ्या या संस्थेकडे लोकसहभागाचें काम सोंपविण्यांत आलें, आणि बाराशे-तेराशे गांवांतून ‘संवाद सहायक’ म्हणून गांवांतल्याच स्त्रिया नेमण्यांत आल्या. ज्यांनीं तोंवर गांवाच्या बैठकींत पदर सांवरून भिंतीआड उभें राहावयाचें अशा त्या स्त्रिया. त्या घरोघर गेल्या. कोणाचा हप्ता अडला आहे, कोणता गवंडी सिमेंट कमी घालतो, पट्ट्यांतील सळई नीट बांधली आहे कीं नाहीं, पाणी किती दिवस मारावयाचें, हें त्या शिकल्या आणि शेजारणींना शिकवूं लागल्या. इंजिनियर आठवड्यांतून एकदां येई; संवाद सहायक रोज पाणवठ्यावर भेटे. दगड वाईट नव्हे, बांधणी वाईट होती, हें गांवाला इंजिनियरपेक्षां तिनें अधिक लवकर पटविलें, यांत नवल नाहीं. नकाशानें जो शेजार मोडला होता तो अशा रीतीनें दुसऱ्या वाटेनें, बायकांच्या बैठकींतून, परत येऊं लागला. दुरुस्तीचें काम संपल्यावर ह्या बैठकी मोडल्या नाहींत. त्यांचे बचत गट झाले.

ता. २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं कच्छ हादरलें. तो भूकंप किल्लारीच्या कितीतरी पट शक्तिमान् होता. भुज, भचाऊ, अंजार हीं शहरें आणि शेंकडों गांवें कोसळलीं. बन्नीच्या माळावरील हलक्या छपरांचे वाटोळे भुंगे मात्र बरेच टिकले. तीच गोष्ट कुडाच्या घरांनीं मराठवाड्यांत पूर्वींच सांगितलेली होती. मदत गोळा करणाऱ्यांची गर्दी झाली, आणि तींत लातूर-उस्मानाबादच्या या शेतकरी स्त्रियाही निघाल्या. त्यांच्याजवळ वांटण्यासारखें धान्य नव्हतें कीं वस्त्र नव्हतें. आठ वर्षांपूर्वीं ज्यांच्या दारांत साऱ्या देशानें गांठोडीं आणून टाकलीं त्याच ह्या स्त्रिया.

कच्छमधील स्त्रियांशीं त्यांची भाषा जुळत नव्हती. एकीकडे मराठी, दुसरीकडे कच्छी आणि गुजराती, मध्यें मोडकी हिंदी. पण ज्या बाईनें स्वतःच्या घरचा ढिगारा उपसला आहे तिला दुसरीपुढें बसल्यावर फार व्याकरण लागत नाहीं. यादींत नांव चढलें कीं नाहीं तें स्वतः पाहा. घर कोठें व कसें बांधणार हें ठरण्यापूर्वीं विचारा, नंतर विचारून उपयोग नाहीं. गट करून एकत्र जा. गवंड्याचें काम शिकून घ्या. अशा स्वरूपाची ती शिकवण होती. तींत उपदेशकाचा आव नव्हता, कारण बावन्न गांवांच्या आंखणींत जें हुकलें तेंही सांगण्याजोगें त्यांच्यापाशीं होतें.

ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं हिंदी महासागराची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर चढली. ज्यांनीं जन्मांत समुद्राच्या कांठीं संसार केला नव्हता अशा लातूरकडच्या स्त्रिया कोळ्यांच्या त्या वस्त्यांकडे पुन्हां निघाल्या. ह्या खेपेस त्यांच्यासह कच्छच्या बायकाही होत्या.