बिनतारी बोलणं आणि परवाना : सिंहगड ते माळीण

मंडळी, आजचा विषय उलट उत्तर देणाऱ्या रेडिओचा आहे. कुणी त्याला वॉकीटॉकी म्हणतं, पोलीस खातं बिनतारी संच म्हणतं, आणि छंद म्हणून करणारे त्याला हॅम म्हणतात. अशा व्याख्यानाची सुरुवात मार्कोनीपासून करायची पद्धत आहे. आम्ही ती १६७० पासून करणार आहोत, आणि त्याला कारण आहे.

त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीच्या रात्री तानाजी मालुसऱ्यांच्या माणसांनी कोंढाणा घेतला. गड हाती आल्यावर मावळ्यांनी पागेची खोपटी पेटवली आणि तो उजेड महाराजांनी राजगडावरून पाहिला, असं सभासदाच्या बखरीत आहे. म्हणजे बातमी डोंगरावरून डोंगरावर, मधलं खोरं ओलांडून, काही क्षणांत पोचली. पण कुठली बातमी? गड आला, एवढीच. तानाजी पडले हे कळायला दुसऱ्या दिवशी जासूद यावा लागला. आगीला एकच शब्द बोलता येतो, तोही आधी ठरलेला. राजगडावरून उलट विचारता येत नाही, की आमची माणसं किती, सरदार कसा आहे?

हा फरक आज तासभर डोक्यात ठेवायचा आहे. ऐकवणं वेगळं आणि बोलणं वेगळं. घरातला रेडिओ ऐकवतो. आपण ज्याच्याबद्दल बोलणार आहोत तो रेडिओ विचारतो आणि उत्तरही देतो. आपल्याकडच्या सरकारांनी, इंग्रजांच्या आणि नंतरच्याही, या दुसऱ्या प्रकाराकडे कायम वेगळ्या नजरेनं पाहिलं.

पुण्याचा या गोष्टीतला वाटा बराच जुना आहे आणि तो पुणेकरांनाच फारसा ठाऊक नसतो. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात 'बीम वायरलेस' सेवा सुरू झाली. तोपर्यंत तार जायची ती समुद्राच्या तळाच्या केबलमधून. आता ती लघुलहरींवरून, विशिष्ट दिशेनं सोडलेल्या झोतातून जाऊ लागली. इकडून संदेश सोडणारं केंद्र होतं खडकीला, आणि तिकडून आलेला संदेश पकडणारं केंद्र होतं दौंडला. पलीकडे इंग्लंडातही तसंच, सोडायचं ग्रिम्सबीजवळ, पकडायचं स्केगनेसजवळ. १९३३ पासून याच मार्गानं मुंबईहून लंडनला टेलिफोनवर बोलता यायला लागलं. मुंबईच्या माणसाचा आवाज आधी खडकीला यायचा आणि मग विलायतेला जायचा.

आता दोन केंद्रं एवढी लांब का? सोडणाऱ्या यंत्राची ताकद प्रचंड असते आणि येणारा संदेश अगदी क्षीण. शेजारी ढोल वाजत असताना कुणी कानात कुजबुजलं तर काय ऐकू येणार? म्हणून ढोल खडकीला ठेवला आणि कान दौंडला. हातातल्या वॉकीटॉकीत हीच अडचण फार साध्या युक्तीनं सोडवली आहे. बटण दाबलं की ढोल, सोडलं की कान. दोन्ही एकदम नाही. म्हणून बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं असतं. सिनेमात जे 'ओव्हर अँड आउट' म्हणतात ते कुठल्याही वायरलेस ऑपरेटरला खटकतं, कारण 'ओव्हर' म्हणजे आता तू बोल, आणि 'आउट' म्हणजे संपलं. दोन्ही एकत्र म्हणजे 'या, बसा' म्हणत दार लावून घेणं झालं.

वॉकीटॉकी हे नाव दुसऱ्या महायुद्धातलं. मोटोरोलानं अमेरिकन सैन्यासाठी केलेला मूळ वॉकीटॉकी पाठीवर घ्यायचा संच होता, वजन पंधरा किलोच्या वर. हातात धरायचा जो लहान संच होता त्याला 'हँडीटॉकी' म्हणत. पुढे पाठीवरचा गेला, हातातला राहिला आणि नाव मात्र पाठीवरच्याचं चिकटलं.

पण यंत्रापेक्षा कायद्याची गोष्ट महत्त्वाची आहे. १९३३ सालीच, म्हणजे लंडनचा टेलिफोन सुरू झाला त्याच वर्षी, इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट आला. त्यात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा ठरला. वापरणं सोडा, बाळगणं! आपल्यापैकी साठीच्या पुढच्यांना आठवत असेल, घरच्या साध्या रेडिओचंही लायसन असायचं आणि दर वर्षी पोस्टात जाऊन त्याचे पैसे भरायचे असत. ते या मानसिकतेचंच पोर.

त्या काळात देशात हौशी रेडिओवाले मोजकेच होते. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि त्यांना आपापले ट्रान्समीटर सरकारजमा करायला सांगण्यात आलं. ज्याला स्वतःच्या हातानं ट्रान्समीटर बांधता येतो असा माणूस युद्धकाळात कुठल्याही सरकारला नकोच असतो. आणि सरकारची भीती अगदीच निराधार नव्हती, हे १९४२ नं दाखवलं. ऑगस्टच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत तो चालला. १२ नोव्हेंबरला ऐन प्रक्षेपणात धाड पडली. त्यांचा तंत्रज्ञच फुटला होता. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना ठेवलं ते आपल्या येरवड्याला. म्हणजे खडकीत साम्राज्याचा अधिकृत ट्रान्समीटर, आणि तिथून थोड्याच अंतरावर येरवड्यात अनधिकृत ट्रान्समीटर चालवणारी बाई. काँग्रेस रेडिओ हा ऐकवणारा रेडिओ होता, बोलणारा नव्हे, हे मान्य. पण ट्रान्समीटर सामान्य माणसाच्या हाती गेला तर काय होतं, याचा धडा दिल्लीनं त्यावरून घेतला, आणि स्वातंत्र्यानंतरही तो विसरला गेला नाही. राज्य बदललं, १९३३ चा कायदा तसाच राहिला.

हौशी मंडळींना मात्र स्वतंत्र भारतानं दार किलकिलं करून दिलं. १९४८ मध्ये महूला अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. युद्धातून उरलेले संच भंगारात आले होते, त्यांचे सुटे भाग काढून लोक स्वतःचे संच बांधत. १९७८ मध्ये हौशी सेवेचे सविस्तर नियम आले. वयाला बारा वर्षं पूर्ण झाली की परीक्षेला बसता येतं; थोडी इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम, आणि वरच्या श्रेणीसाठी कट्टकडकट्ट, म्हणजे मोर्स. पास झालं की बोलायचं नाव मिळतं. वरची श्रेणी असेल तर ते 'व्हीयू टू'नं सुरू होतं, खालची असेल तर 'व्हीयू थ्री'नं. राजीव गांधी हे असेच परवानाधारक हॅम होते, व्हीयू टू आरजी.

आता सह्याद्रीकडे येऊ. हातातला संच ज्या लहरींवर चालतो त्या साधारण सरळ रेषेत जातात. नजर पोचते तिथे आवाज पोचतो, असं ढोबळमानानं धरा. सिंहगडाची उंची सुमारे १३०० मीटर. दूरदर्शनचा मनोरा तिथे आहे तो याचसाठी. त्या माथ्यावरून पाच वॉटचा संच पुण्यात कुठेही सहज ऐकू येतो, पार पलीकडच्या गडांवरही जातो. पण हाच संच घेऊन तुम्ही घाटाखालच्या घळीत उतरा. दोन्हीकडे कातळ. वर माथ्यावर उभा असलेला तुमचा मित्र हवेतल्या अंतरानं पाचशे मीटरवर असेल, तरी आवाज तुटतो. मावळ्यांची आगही माथ्यावरच पेटली होती, दरीत नव्हे. मोबाइलचंही तेच. गडावर रेंज येते म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि पाय मोडतो तो उतरताना, ओढ्यात.

याच पुणे जिल्ह्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ३० जुलै २०१४. आंबेगाव तालुक्यातलं माळीण. सतत पाऊस, आणि सकाळी डोंगराचा कडा गावावर आला. दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेरच्या जगाला हे कळलं कसं? नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसलं नाही. त्यानं मागे जाऊन सांगितलं. २०१४ साल, पुण्यासारखं माहिती तंत्रज्ञानाचं शहर त्याच जिल्ह्यात, आणि बातमी नेली एसटीनं. १६७० मध्ये जासूद होता, इथे ड्रायव्हर. गावात एखादा संच असता तर दरड थांबली नसती, हे उघड आहे. पण दरड कोसळणं आणि मदत निघणं यांच्यामधला वेळ कमी झाला असता की नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा. चिखलाखाली असलेल्या माणसासाठी तो वेळ हाच सगळा हिशेब असतो.

उलट बाजूचं उदाहरण अंदमानचं. तिथे हौशी रेडिओला अनेक वर्षं परवानगी नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये ती मिळाली आणि भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅम मंडळींचं एक पथक पोर्ट ब्लेअरला गेलं. काम काय, तर जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा मारणं, किती देश लागले ते मोजणं. निव्वळ छंद. २६ तारखेला त्सुनामी आली, बेटांचे फोन तुटले, आणि तेच लोक, तेच संच, बेटांवरची खबर मुख्य भूमीवर पोचवू लागले. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातही हौशी रेडिओवाल्यांनी असंच काम केलं होतं. छंद म्हणून रोज रात्री कुणाशी तरी बोलणाऱ्याला खरखरीतून शब्द वेचायची सवय झालेली असते. ती संकटाच्या दिवशी शिकवून येत नाही.

आज डोंगरातल्या बचावकामाला संच लागतोच. कड्यावर दोर धरणारा आणि खाली स्ट्रेचर बांधणारा एकमेकांना दिसत नाहीत. 'सोड' आणि 'थांब' यांत घोटाळा झाला तर जखमी आणखी जखमी होतो. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र असोत की पुण्यातल्या गिर्यारोहण संस्था, या मंडळींना हे सांगायला नको. प्रश्न आहे तो शनिवारी रात्री एसटीनं निघणाऱ्या सहा जणांच्या गटाचा. त्यांनी काय न्यावं?

इथे पुन्हा परवाना आला. विनापरवाना वापरायला आज दोन जागा मोकळ्या आहेत. २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड २००५ पासून खुला आहे, आणि ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा छोटा पट्टा २०१८ च्या नियमांनी कमी ताकदीच्या संचांना खुला झाला. यातला दुसरा ट्रेकरच्या उपयोगाचा. बाकी बाजारात स्वस्तात मिळणारे पाच वॉटचे संच वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, पोलिसांच्यासुद्धा. ते विकत मिळतात म्हणून कायदेशीर होत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना याच कारणानं नोटिसा काढल्या. हॅमचा परवाना असेल तर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलता येतं, पण बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा, आणि पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांना धंद्यासाठी तो वापरता येत नाही. सॅटेलाइट फोन तर परवानगीशिवाय आणूच नका. परदेशी पाहुणे विमानतळावर अडकल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आमचं मत विचाराल तर सरकारची सावधगिरी आम्हाला पूर्ण चूक वाटत नाही. पण दुर्गम गावातल्या शाळेत, ग्रामपंचायतीत परवान्यासह एखादा संच आणि तो चालवणारी दोन माणसं असायला काय हरकत आहे, याचं उत्तर आम्हाला कुठल्या नियमात सापडलं नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या बिनतारी विभागाचं मुख्यालय पुण्यातच, पाषाणला आहे. माहितगार माणसं लांब शोधायला नकोत.

राहिलं एकच, ट्रेकवाल्यांसाठी. संच दिवसभर चालू ठेवला तर संध्याकाळी बॅटरी संपते, आणि बंद ठेवला तर हाक कुणी ऐकत नाही. म्हणून वेळ ठरवतात. समजा, दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं सगळ्यांनी संच चालू करून ऐकायचं, आणि घळीतल्या गटानं तेवढ्यापुरतं उघड्यावर यायचं. हे पायथ्याच्या गावात, गट फुटण्याआधी ठरवा, आणि घड्याळं जुळवून घ्या. आता प्रश्न असतील तर विचारा.