क्लाउड ॲसेट इन्व्हेंटरी

गूगल क्लाउडवरील एखाद्या संस्थेच्या संसाधनांचा व प्रवेश-धोरणांचा मेटाडेटा साठवणारी आणि त्यात शोध घेऊ देणारी सेवा.

संगणकीय सामग्रीची व तिच्या परस्परसंबंधांची पद्धतशीर नोंद ठेवण्याची कल्पना १९८० च्या दशकात ब्रिटिश शासनाने आरंभलेल्या ‘आयटिल’ या मार्गदर्शक संग्रहातून रूढ झाली. मेघसंगणनात (पहा : मेघसंगणन) आभासी यंत्रे काही मिनिटांत निर्माण होतात आणि काढूनही टाकली जातात, हाताने भरलेली सूची तेथे टिकत नाही. म्हणून अशी नोंद आपोआप ठेवण्यासाठी ॲमेझॉनने २०१४ मध्ये ‘एडब्ल्यूएस कॉन्फिग’ ही सेवा जाहीर केली. मायक्रोसॉफ्टची ‘ॲझ्युर रिसोर्स ग्राफ’ याच वर्गातील होय.

गूगल क्लाउडवर संसाधने संस्था, फोल्डर व प्रकल्प अशा उतरंडीत मांडलेली असतात आणि शोध यांपैकी कोणत्याही पातळीवर घेता येतो. नोंदीत संसाधनाचे नाव, प्रकार, स्थान, लेबले इ. तपशील असतात, मात्र संसाधनात साठवलेला मूळ डेटा नसतो. या सेवेचा गाभा काळाशी निगडित आहे : मागील ३५ दिवसांतील विशिष्ट क्षणाची स्थिती पाहता येते, त्यामुळे नंतर काढून टाकलेल्या संसाधनाचाही माग लागतो. अधिक जुना इतिहास हवा असल्यास नोंदी वेळोवेळी ‘बिगक्वेरी’ या गूगलच्या डेटा-विश्लेषण सेवेत निर्यात कराव्या लागतात, तेथे त्यांवर एसक्यूएलने (पहा : एसक्यूएल) प्रश्न विचारता येतात. बदलांच्या सूचना ‘पब/सब’ या गूगलच्या संदेशवहन सेवेद्वारे मिळतात.

सुरक्षा-तपासणीत कोणत्या खात्याला कशावर अधिकार आहेत, कोणते संचयस्थान सर्वांना खुले आहे, हे अशा नोंदींवरून कळते (पहा : संगणक सुरक्षा). खर्चनियंत्रण व लेखापरीक्षण यांतही त्यांचा वापर होतो.