तीन शिखरें आणि अंगावरून गेलेलें वारें



परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड-जिंतूरकडच्या एखाद्या गांवीं गृहस्थाचा उजवा हात सकाळीं अकस्मात् लुळा पडला, वाचा अडखळली, कीं घरचीं वडीलधारीं माणसें म्हणतात, "अंगावरून वारें गेलें." वारें बिचारें निरपराध असतें. बहुतेक वेळां मेंदूच्या रक्तवाहिनींत गुठळी अडकलेली असते. शरीराच्या वजनाचा अवघा पन्नासावा हिस्सा असलेला मेंदू प्राणवायूचा पांचवा हिस्सा एकटा खर्च करतो, आणि शिल्लक जवळजवळ कांहींच ठेवीत नाहीं. मोठी वाहिनी बंद पडल्यास मिनिटास सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ सालीं मांडला गेला.

या पेशींच्या संसारांत त्या वेळीं काय घडतें, हें कवटी न उघडतां पाहण्याची विद्या आज उपलब्ध आहे. तिच्या इतिहासांत मुंबईशीं निगडित असें एक नांव आहे. तें आपल्याकडे फारसें कोणी घेत नाहीं, म्हणून मी मुद्दाम घेतों: डॉ. एस. एस. धर्मट्टी.

प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवलेले अणुगर्भ ठराविक रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हें १९४६ मध्यें ब्लॉख आणि पर्सेल यांनीं अमेरिकेंत स्वतंत्रपणें दाखविलें. १९५१ सालीं स्टॅनफर्ड येथें अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनीं चुंबकापुढें ठेवलें काय, तर साधें मद्यार्क! एकाऐवजीं तीन शिखरें उमटलीं, आणि त्यांचें प्रमाण तीनास दोनास एक. मद्यार्काच्या रेणूंत हायड्रोजनचे अणु याच प्रमाणांत तीन निरनिराळ्या जागीं बसलेले असतात. अणु आपल्या शेजारानुसार सूर किंचित् बदलतो, हें त्यावरून सिद्ध झालें. पुढें धर्मट्टी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले व तेथें या शास्त्राचें संशोधन त्यांनीं सुरू केलें.

१९७३ सालीं लॉटरबर यांनीं याच प्रतिसादांतून चित्र काढण्याची युक्ति सुचविली. नेहमीचा एम.आर.आय. मुख्यतः शरीरांतील पाण्याचें चित्र काढतो. शेजारानुसार बदलणारा सूर ऐकला, तर मात्र पेशींतील रसायनेंहि ओळखूं येतात. रक्त थांबतांच प्राणवायूवांचून साखर जाळणाऱ्या पेशींत दुग्धाम्ल सांचूं लागतें. निरोगी मेंदूंत त्याचें शिखर क्वचितच दिसतें. येथें तें कांहीं मिनिटांत वर येतें. उलट एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हें मज्जापेशींचें खास द्रव्य, त्या मरूं लागल्या कीं तासागणिक ओसरतें. पहिलें वाढलें आणि दुसरें टिकून आहे, तर तो भाग संकटांत असला तरी अद्याप वांचविण्याजोगा असूं शकतो. वैद्याला हवें असतें तें नेमकें हेंच.

इतकें असूनहि ही परीक्षा घाईच्या प्रसंगीं नित्याची झाली नाहीं. पाण्याच्या तुलनेनें हीं द्रव्यें हजारों पटींनीं अल्प. त्यांचा क्षीण सूर टिपण्यास वेळ लागतो, आणि तोंवर रोगी स्वस्थ पडून राहील याची शाश्वति नसते. १९९० मध्यें मोजली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मांजरांवरील प्रयोगांत पाण्याच्या रेणूंचा संचार मोजून मेंदूची इजा लवकर दाखविली. ती रीत मिनिटांत उरकते, म्हणून रुग्णालयांत तीच रुजली. रसायनांची परीक्षा बव्हंशीं संशोधनाकडे राहिली. मला यांत पराभव दिसत नाहीं. मात्र ती जलद करण्याचे प्रयत्न चालू आहेत, आणि त्यांची वाट पाहण्यासारखी आहे.

गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा उपयोग १९९५ सालीं तीन तासांपर्यंत, आणि २००८ सालीं साडेचार तासांपर्यंत सिद्ध झाला. रक्तस्राव नाहीं, एवढी खात्री साध्या सी.टी. चित्रानेंहि होते. खेड्यांतून शहरास येईपर्यंत यांतले कित्येक तास वाटेंतच सरतात. म्हणून दवाखान्याच्या दारांत वैद्य प्रथम विचारतो तें हेंच: रोगी शेवटचा धडधाकट दिसला तेव्हां किती वाजले होते?