मुंबई ते लोद : किती लांब?

मुंबईच्या विमानतळापासून लोदच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत मोजले तर अंतर सुमारे 4,050 किलोमीटर भरते. जेट विमानाला हे पाच-साडेपाच तासांचे काम. परंतु आपल्या समाजातील कोणी हा प्रवास तेवढ्या वेळात केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याचे कारण आपल्या मुलांना ठाऊक असावे, म्हणून हे चार शब्द.

भारताने 17 सप्टेंबर 1950 रोजी इस्राएलला मान्यता दिली आणि 1953 साली मुंबईत इस्राएलचे कॉन्सुलेट उघडले. परंतु पूर्ण राजनैतिक संबंध जुळण्यास 29 जानेवारी 1992 उजाडावा लागला. मधल्या काळात आपली कित्येक कुटुंबे तेहरानला उतरत व तेथून एल अलच्या विमानाने पुढे येत. 1979 च्या इराणी क्रांतीने ती वाटही बंद झाली.

संबंध जुळल्यावर पुढे मुंबईहून एल अलची थेट विमाने सुटू लागली. तरी वाट सरळ झाली नाही. सौदी अरेबियाचे आकाश इस्राएली विमानांना बंद होते. म्हणून विमान लोदहून एलातकडे, तांबड्या समुद्रावरून दक्षिणेस, बाबेल-मांदेबच्या बाजूने एडनच्या आखाताकडे आणि मग अरबी समुद्र ओलांडून मुंबईस जाई. साडेसात-आठ तास लागत. नकाशा समोर ठेवून पाहावे : ही तर जुनी गलबतांचीच वाट! नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे जहाज फुटले असे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. ते याच पाण्याने आले असावेत.

22 मार्च 1918 नव्हे, 2018 रोजी, म्हणजे अगदी आपल्या डोळ्यांदेखत, एअर इंडियाचे दिल्लीहून निघालेले विमान ओमान, सौदी अरेबिया व जॉर्डन यांवरून लोदला उतरले. गंमत अशी की दिल्ली ते लोद हे अंतरही तेवढेच, सुमारे 4,050 किलोमीटर. एल अलला मात्र ही वाट मिळण्यास आणखी काही वर्षे गेली : सौदी अरेबियाने जुलै 2022 मध्ये व ओमानने फेब्रुवारी 2023 मध्ये आपले आकाश खुले केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात युद्ध पेटले आणि विमाने पुन्हा थांबली.

दोन-तीन तासांसाठी एवढा हिशेब कशाला, असे कोणी म्हणेल. ज्यांची आई ठाण्यात किंवा पनवेलला वारली, त्यांना विचारावे. आपल्यात मयत लवकर उचलतात. येथून निघालेला मुलगा माती द्यायला पोहोचत नाही. पूर्वी पत्र हाती पडेपर्यंत सात दिवसही उलटून जात. एक भाऊ तेथे जमिनीवर बसे, दुसरा येथे. आज वाट उघडी असली तर त्या सात दिवसांपैकी पाच-सहा दिवस तरी दोघांना एका घरात बसता येते.

आमच्या लेखी मुंबईचे अंतर त्या दिवसांनी मोजावे.