मोटार आणि बघ्यांची नजर

बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातील मेहकर हे गाव १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १९११ साली रोल्स-रॉइस कंपनीकडे एक मोटार मागविली. तिच्यात चक्क सिंहासन बसविलेले होते! ती हाती येण्यापूर्वीच निजाम निवर्तले. पुढे ती खास समारंभापुरतीच बाहेर पडे. रस्त्याच्या कडेच्या रयतेने ती डोळे भरून पाहावी, एवढेच. हा पैसा कोणाचा, असे विचारण्याचा हक्क तिला नव्हता. ही मोटार आता हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे.

आता सचिन तेंडुलकरांची फेरारी पाहा. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली फियाट कंपनीने ती त्यांना भेट दिली. ती मिळाली शर्यतवीर शूमाकर यांच्या हस्ते. लोकांना अभिमानच वाटला. परंतु २००३ साली सरकारने तिच्यावरील सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांची जकात माफ केली, आणि सूर पालटला. त्यांच्या शतकांना टाळ्या वाजविणारेच कित्येकजण जाब विचारू लागले. त्यात हेवा मुळीच नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण रिक्षावाल्याला न मिळणारी सूट कोट्यधीशाला का, हा प्रश्न रास्त होता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेर जकात फियाटने भरली. २०११ साली ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली.