फिरंगाणांतील बाप्तिस्म्याच्या नोंदी व त्यांचा अर्थ

बोईसरनजीकचा समुद्रकांठचा तारापूरचा कोट शके १६६० त, म्हणजे इ. स. १७३९ च्या जानेवारींत, चिमाजी आप्पाच्या फौजेनें घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तेथें कामास आले. मे महिन्यांत वसई पडली आणि इ. स. १५३४ च्या तहापासून या प्रांतीं चालत आलेला फिरंगी अंमल संपला. अंमल संपला, तरी त्या काळांत झालेले बाप्तिस्मे चर्चच्या दृष्टीनें संपले नाहींत. हें ध्यानांत न घेतल्यास जुन्या नोंदी वाचणाराची फसगत होते. म्हणून या विषयाचा थोडा ऊहापोह करितों.

कॅथलिक मताप्रमाणें बाप्तिस्मा हा सात संस्कारांपैकीं पहिला व इतरांचें द्वार होय. जल आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवाचा उच्चार हीं त्याचीं मुख्य अंगें. त्यायोगें मूळ पापाचें क्षालन होऊन मनुष्यास नवा जन्म मिळतो, आणि आत्म्यावर कधींहि न पुसणारी मुद्रा उमटते. इ. स. १५४७ त ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हा सिद्धान्त निश्चित शब्दांत मांडिला. आपल्या उपनयनांतहि दुसऱ्या जन्माची कल्पना आहे. परंतु आपल्या शास्त्रांत प्रसंगीं पुनरुपनयन सांगितलें आहे, तसा पुनर्बाप्तिस्मा मात्र तेथें नाहीं.

यांतून संशोधकास तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : नोंद ही त्या दिवशीं झालेल्या संस्काराचा पुरावा आहे, पुढील आयुष्याचा नव्हे. कोणी प्रायश्चित्त घेऊन पूर्वधर्मांत परतला, तरी त्याचा बाप्तिस्मा रद्द झाला असें चर्च मानीत नाहीं. दुसरी : परेरा, डिसोझा यांसारखीं आडनांवें बहुधा धर्मपित्याचीं किंवा पाद्र्याचीं घेतलेलीं असत, त्यांवरून फिरंगी रक्ताचें अनुमान काढणें चूक होय. धर्मपित्याचें नांव लिहिण्याची आज्ञा ट्रेंटनेंच इ. स. १५६३ त केली, कारण त्या आध्यात्मिक नात्यानें विवाहास प्रतिबंध होई. तो प्रतिबंध इ. स. १९८३ च्या धर्मसंहितेंत राहिला नाहीं. तिसरी व सर्वांत नाजूक : प्रौढाची संमति नसेल तर बाप्तिस्मा निरर्थक, असें चर्चचेंच शास्त्र सांगतें. तथापि इ. स. १५५९ त पोर्तुगालच्या दरबारानें गोव्यांतील अनाथ हिंदु मुलें पाद्र्यांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम काढिला. त्या बालकांस संमति कोण विचारणार? खुषी होती कीं जुलूम, हें नोंदीची ओळ सांगत नाहीं. त्यासाठीं हुकुमनामे, तहनामे व मराठी दप्तरें तिच्या शेजारीं ठेवूनच वाचावीं लागतील.

हा मुलूख आतां पालघर जिल्ह्यांत (स्थापना इ. स. २०१४) व वसईच्या धर्मप्रांतांत (स्थापना इ. स. १९९८) मोडतो. तेथील घराण्यांचा पूर्वेतिहास ठरवितांना एका आडनांवावर निकाल देणें हा त्यांच्यावर अन्याय होय. ज्या संग्राहकांजवळ या प्रांतींचीं जुनीं पत्रें असतील, त्यांनीं तीं उजेडांत आणावीं, अशी विनंति आहे.